भेलच्या रोटरचं गणित

भोपाळला पिपलानी-बरखेड्याकडे गेलात की भेलची, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत आणि कारखाना लागतो. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून सुरू झालेला हा कारखाना जलविद्युत केंद्रांसाठी जनित्रं बनवतो. वर्तुळाकार गतीची गणितं शिकवायला दोरीला बांधलेल्या दगडापेक्षा मला हेच उदाहरण आवडतं.

समजा, जनित्राच्या रोटरवर ४० चुंबकीय ध्रुव आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रोटरचे मिनिटाला १५० फेरे व्हायलाच हवेत. म्हणजे सेकंदाला अडीच. कोनीय वेग सेकंदाला सुमारे १५.७ रेडियन. त्रिज्या ४ मीटर धरा. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या म्हणजे केंद्राकडचं त्वरण, ते येतं सुमारे ९९० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट! ५०० किलोच्या ध्रुवाला वर्तुळात ठेवायला ५० टन वजनाइतकं बल लागतं.

हे बल देतं कोण? मुलं इथेच अडखळतात आणि बाहेर जाणारा बाण काढून मोकळी होतात. जमिनीवर उभं राहून पाहिलं, तर तसं बल नाहीच. ध्रुव ज्या खाचेत बसवलाय, ती खाच त्याला आत, अक्षाकडे खेचते. आकृतीत आधी तो बाण काढा, मग सूत्र.

आता वीजवाहिनी अचानक तुटली, तर भार जातो, पाणी मात्र येतच राहतं आणि रोटर उधळतो. वेग दुप्पट झाला, तर त्याच खाचेवर २०० टन. म्हणून तिची मजबुती या उधळलेल्या वेगाचा विचार करूनच ठरवतात.