सात माणसं, चौसष्ट साचे



माल जास्त काढायचा की आपसात गोडीनं राहायचं, असा सवाल खात्याखात्यांतून ऐकू येतो. मी म्हणतो, सवालच खोटा! भांडणाचं मूळ माणसाच्या स्वभावात कमी आणि कामाच्या वाटणीत जास्त असतं. पुरावा हवा तर अहमदाबादला चला.

तिथल्या कॅलिको मिलच्या ऑटोमॅटिक साचाखात्यात १९५३ साली २२४ साचे होते आणि माणसं २९. त्यांची बारा प्रकारची कामं. विणकराकडे २४ ते ३२ साचे, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, जॉबरकडे त्याहून जास्त. म्हणजे बघा, कुणाचीच हद्द कुणाशी जुळत नाही! एका कांडीवाल्याला दोन विणकर हाका मारणार, "आधी माझा साचा!" साचा थांबला की बोट दुसऱ्याकडे. यंत्रं नवी होती, तरी माल मनासारखा निघत नव्हता.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. ६४ साचे आणि सात माणसं असा एक गट, त्या साच्यांची सगळी जबाबदारी त्या सातांची, एवढीच त्यांची सूचना. गटात कोण कोण, हे वरून लादलं नाही, खात्यातल्यांनीच जमवलं. एक अडला की दुसरा हात लावू लागला. काम वाढलं आणि खराब कापड घटलं.

लगेच टाळ्या वाजवू नका. "उत्पादन" हा शब्द मुंबईनं १९२८ सालीही ऐकला होता. तेव्हा दोनऐवजी तीन साचे एकाच्या गळ्यात, आणि शेजारी घरी! एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या त्या उगाच नव्हे.

तेव्हा गटाची गोष्ट निघाली, की आधी विचारा: वाढलेल्या मालाचा पैसा कुणाला किती? हजेरीतून कुणाचं नाव उडणार? आणि तिसरा प्रश्न मालकाला नाही, आपल्याला आहे. ज्याचा हात सावकाश चालतो त्या म्हाताऱ्याला आपण सांभाळून घेणार की गटाचा पैसा बुडतो म्हणून त्याच्या मागे लागणार? पैसा गटावर आला की सोबतीच मुकादम व्हायला वेळ लागत नाही. मुकादमाला निदान तोंडावर शिवी देता येते!

ही उत्तरं कामाला हात लावण्याआधी कागदावर घ्या. सातांतला एक आजारी पडला तर बदली कोण देणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.