मुलांना इस्पितळ पाहू द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचे मोठे वक्ते बोलवायचे, ही आपल्या मंडळाची चाल. यंदा ती मोडून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी भाषणे करणारी बाई नव्हे. पस्तीस वर्षे इस्पितळात सिस्टर म्हणून काम केले, आणि तेथे बोलण्यापेक्षा ऐकावेच जास्त लागते. परंतु गेल्या मे महिन्यात मंडळाने मुलांसाठी जो वर्ग चालवला, तो माझ्याकडे सोपवलेला होता. त्या वर्गाविषयी आपल्या आळीत बरेच बोलले गेले आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो चालवावा की बंद करावा, हे कार्यकारी मंडळ लवकरच ठरवणार आहे. त्यापूर्वी जे घडले ते जसेच्या तसे आपल्यापुढे ठेवावे, एवढ्याचसाठी मी बोलायचे कबूल केले.

उन्हाळा आला की आपल्याकडे पापड-कुरडयांची घाई आणि मुलांना कुठे गुंतवावे ही चिंता, दोन्ही एकदमच सुरू होतात. हस्ताक्षराचा वर्ग झाला, पोहण्याचा झाला, पेटीचा झाला. यंदा आपण नववी ते अकरावीची चौदा मुले घेतली. त्यांत दहा मुली आणि चार मुलगे. बारा दिवस, सकाळी आठ ते अकरा, त्यांना जवळच्या एका इस्पितळात नेले. आईवडिलांची लेखी संमती घेतली होती. अतिदक्षता विभाग, बाळंतिणीची खोली आणि संसर्गाचे रोगी असलेले वॉर्ड वर्ज्य होते. रोग्याला हात लावायचा नाही, मोबाइल आत न्यायचा नाही, आणि तेथे पाहिलेल्या माणसाचे नाव बाहेर काढायचे नाही, हे तीन नियम पहिल्याच दिवशी सांगितले.

हा उद्योग कशासाठी, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. मूल जरा हुशार निघाले की आपण म्हणतो, डॉक्टर कर. 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले बसली. एम. बी. बी. एस.च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे विसांतल्या एकाला जागा, आणि बाकीच्या एकोणिसांना काय करावे हे कोणीच सांगितलेले नाही. शिवाय ज्याला जागा मिळाली, त्यानेही आजारी माणसाचे अंथरूण कधी जवळून पाहिलेले नसते. आपण साडी घेताना पदर उलगडून पाहतो, आणि मुलांचा जन्माचा धंदा मात्र ऐकीव गोष्टींवर ठरवतो.

म्हणून मी मुलांना डॉक्टरांच्या खोलीत आधी नेलेच नाही. पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीपाशी उभे केले. नाव, वय, पत्ता नीट लिहिला गेला नाही तर पुढे केवढा घोटाळा होतो, ते त्यांनी पाहिले. इस्पितळात झाडलोट करणाऱ्या बाईंना 'मावशी' आणि वॉर्डबॉयला 'मामा' म्हणतात, हेही त्यांना तेथेच कळले. त्या मावशींनी मुलांना कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग शिकवले. जखमेचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया टोचू न देणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. एका मुलाने विचारले, "चुकून सुई पिवळ्या पिशवीत गेली तर?" मावशी म्हणाल्या, "तर ती माझ्या हातात जाते, बाळा." यावर मला वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

हात धुण्याला एक सकाळ दिली. आपल्याला वाटते, हात धुण्यात शिकायचे काय? परंतु साबणपाण्याने पुरते हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. मुलांची घड्याळ लावून परीक्षा घेतली तेव्हा बहुतेकांचे धुणे दहा सेकंदांत आटोपले. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याच्या हयातीत बहुतेक डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. ही हकिगत सांगितली तेव्हा मुले गप्प झाली.

निर्जंतुकीकरणाच्या खोलीत तर मुलींनी मलाच शिकवले. तेथील यंत्र वाफेच्या दाबाने 121 अंश उष्णता गाठते आणि त्यात शस्त्रक्रियेची हत्यारे शुद्ध होतात. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हा आपला कुकरच की!" खरेच आहे ते. तत्त्व तेच, फरक इतकाच, की येथे शिट्ट्या मोजून भागत नाही, वेळ, दाब आणि उष्णता यांची नोंद ठेवावी लागते.

प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांची टोपणे निरनिराळ्या रंगांची का असतात, ते पाहिले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये असे औषध असते, कारण पेशी मोजायच्या असतात. करड्या टोपणाची नळी साखरेच्या तपासणीसाठी. एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे का उभा राहतो, ते विचारले. आहारतज्ज्ञबाईंनी मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याची ताटे शेजारी शेजारी मांडून दाखवली. व्यायामोपचाराच्या खोलीत अर्धांगाचा झटका आलेले एक गृहस्थ तीन दिवसांच्या खटपटीनंतर आपल्या हाताने पेला उचलताना मुलांनी पाहिले आणि आपण होऊन टाळ्या वाजवल्या. बारा मेला वर्ग मध्यावर आला होता. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, म्हणून जगभर परिचारिका दिन पाळतात. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढेच मुलांना ठाऊक होते. 1860 साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, आणि त्याआधी 1858 साली तेथल्या संख्याशास्त्र मंडळाने निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री-सभासद होत्या, हे ऐकून गणिताची आवड असलेल्या मुली ताठ बसल्या.

आता वर्गात काय बिघडले तेही सांगते, कारण त्याचीच चर्चा जास्त झाली. पाचव्या दिवशी जखमेचे ड्रेसिंग पाहताना एक मुलगा घेरी येऊन खाली बसला. त्याला पाणी दिले, पाय वर करून निजवले, पाच मिनिटांत तो उठला. गल्लीत मात्र तो बेशुद्ध होऊन इस्पितळात दाखल झाला अशी बातमी पोचली! तो मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी परत आला आणि ऑक्सिजनची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसामागे दोन दिवस हिंडला. रक्त पाहवत नाही म्हणून रोग्याच्या उपयोगी पडता येत नाही, असे थोडेच आहे?

दुसरी गोष्ट एका हुशार मुलीची. तिने डॉक्टर व्हावे, हे तिच्या आईचे स्वप्न. आठव्या दिवशी मुलीने मला बाजूला घेऊन सांगितले, "सिस्टर, मला हे जमेल, पण आवडणार नाही." आईला फार वाईट वाटले आणि त्या माझ्यावर रागावल्या. त्यांचा राग मी समजू शकते. परंतु वहिनी, तिला हे आज कळले, तर ती दुसरी वाट धरील. शिकवण्यांवर पैसा आणि वयाची दोन-तीन वर्षे घालवल्यावर कळले असते, तर ती बोललीही नसती. मुकाट्याने ओढत राहिली असती.

तिसरी गोष्ट सांगताना मला अभिमान वाटतो. वर्गातल्या एका मुलीला वॉर्डात आपल्याच वाड्यातल्या काकू दिसल्या. तिने ओळखीचे हसून नमस्कार केला आणि घरी चकार शब्द काढला नाही. पंधरा दिवसांनी काकू घरी आल्या आणि त्यांनीच सगळे सांगितले, तेव्हा आई मुलीवर चिडली, "घरात असून आम्हांला सांगितले नाहीस?" मुलगी म्हणाली, "आई, ते माझे सांगायचे नव्हते." काकूंनी तिला जवळ घेतले. भगिनींनो, मला हे शिकायला नोकरीची पहिली दोन वर्षे लागली होती.

राहिला मुख्य आक्षेप. "सिस्टरबाई आमच्या मुलींना नर्स करायला निघाल्या आहेत." हे वाक्य माझ्या कानांवर आले, आणि मला 1974 साल आठवले. मी परिचर्येच्या शिक्षणाला जाते म्हटल्यावर आमच्या मामांनी जेवणाच्या पानावरून उठून सांगितले होते, "परक्यांची घाण उपसायला आमच्या घरातली मुलगी जाणार नाही." आई इतकेच म्हणाली, "तुमच्या आजारपणात मी तेच केले, दादा. तेव्हा ती घाण नव्हती." मी शिकायला गेले. रात्रपाळीचा शीण, सणावाराला घरी नसणे, बेडपॅन, वास, आणि कधी कधी रोग्याच्या नातेवाइकांचे बोलणे, हे सगळे भोगले. ते मी मुलांपासून लपवले नाही. परंतु माझ्या कमाईवर दोन भावंडे शिकली, हेही खरेच आहे.

मी कोणालाच नर्स करायला निघालेले नाही. मला एवढेच वाटते, की नको म्हणायचे तर पाहून म्हणावे. बारावीनंतर जनरल नर्सिंगचा शिक्षणक्रम तीन वर्षांचा, बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आणि त्याला बारावीला जीवशास्त्र हवे. औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची, पदवी चार वर्षांची. प्रयोगशाळा, एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, व्यायामोपचार, आहारशास्त्र, प्रत्येकाची वाट निराळी. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहावी, आणि संस्थेला मान्यता आहे की नाही याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी. मुलगेही आता परिचर्या शिकतात. ते बायकांचेच काम, हा समज सोडावा.

आणि आपण तर कल्याणकर. 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच गावच्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही, हे दुःख त्यांनी मनात धरले, 1883 साली समुद्र ओलांडला आणि 1886 साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मिळाली. त्या काळी विधवा बाईने इस्पितळात पाऊल टाकणे ही केवढी गोष्ट होती! या बायकांना कोणी आधी नेऊन काही दाखवले नव्हते. चाचपडत, बोलणी खात त्या गेल्या. आपल्या मुलांना इस्पितळ पाहण्यासाठी रिक्षाच्या भाड्याहून अधिक काही लागत नाही.

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, हा वर्ग बंद करू नये. दोन, पुढच्या वर्षी निदान निम्मे मुलगे असावेत. आजारी माणसाचे करणे घरातही त्यांच्या वाट्याला यावे, असे मला वाटते. तिसरी गोष्ट तुम्हां आयांसाठी. मूल घरी आले की "मग, काय ठरवलेस?" असे लगेच विचारू नका. "आज काय पाहिलेस?" असे विचारा, आणि रोग्याचे नाव मात्र विचारू नका. त्याने डॉक्टर व्हायचे म्हटले तरी ऐका, नर्स म्हटले तरी ऐका, आणि "हे माझे काम नव्हे" म्हटले तरी तितक्याच शांतपणे ऐका.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी मी मुलांना, काय शिकलात ते एका ओळीत लिहायला सांगितले. कोणी कुकरचे लिहिले, कोणी हात धुण्याचे. घेरी आलेल्या मुलाने लिहिले, "मावशींना रोज नमस्कार करायचा." तो कागद मी जपून ठेवला आहे. कार्यकारी मंडळाने निर्णय घेण्यापूर्वी तो एकदा वाचावा, एवढी विनंती करते.