बोलू द्या, दाखवू द्या

मंडळी, नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मान मिळाला, पुढे ‘पावसाचा निबंध’ला 65व्या पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील उत्कृष्ट दिग्दर्शनाचा. एकात शाळेची ओढ लागलेला गरीब मुलगा, दुसऱ्यात गळक्या घरात निबंध लिहू पाहणारा. दोन्हींतली मराठी पुस्तकी नाही, गावाकडची आहे.

आणि आम्ही? बडोद्यातल्या आपल्याच नातवंडांना ‘हे मराठी नव्हे, गुजराती झालं’ म्हणून टोकत आलो. ती आमच्यापुढे मराठी बोलेनाशी झाली, हा दोष आमचाच.

पोरांनो, पुढच्या गणपतीत मोबाइलवर लघुपट करा, तुमच्याच मराठीत. आम्ही टोकणार नाही. पहिल्या रांगेत बसून पाहू.

गणपती बाप्पा मोरया!