सदका आणि त्सेदाका



आज ज्यू तरुणांबद्दल बोलणार आहे. काहींच्या कपाळावर आठ्या दिसतायत. इस्रायल सरकारवर रागावलेला मीही आहे; पण प्रत्येक ज्यू म्हणजे ते सरकार नव्हे.

अमेरिकेत १९९८ साली 'अवोदा' ही संस्था सुरू झाली. विशीतली ज्यू मुलं-मुली वर्षभर एका घरात राहतात. दिवसा बेघरांसाठी, भाडेकरूंसाठी काम करतात. संध्याकाळी एकत्र बसून गरिबीची कारणं आणि आपले धर्मग्रंथ अभ्यासतात. कुणी शब्बाथ काटेकोर पाळणारं, कुणी न पाळणारं. खटके उडतच असणार! 'अवोदा' म्हणजे काम, सेवा, आणि उपासनाही. आपला 'इबादत' शब्द त्याच धातूतला. त्यांचा 'त्सेदाका' म्हणजे आपल्या 'सदका'चा सख्खा भाऊ. फक्त हिब्रूत त्याच्या मुळाशी न्याय आहे.

मी तीन रमजान रेशनची किट वाटली. रांगेत तीच खाला, तिन्ही वर्षं. तिला सरकारी धान्य का मिळत नाही, हे मी तिसऱ्या वर्षी विचारलं. मशीन तिच्या अंगठ्याचा ठसा घेत नव्हतं.

शुक्रवारी जुम्यानंतर बसू. रेशनचे नियम मी छापून आणतो. तुम्ही मोहल्ल्यातली अशी नावं आणा.