धोरण पटलं, मग मत का नाही?



जानेवारी १९५९. नागपूरला काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला. आपला बांध मोडावा, असं कोणत्या शेतकऱ्याला वाटेल? त्याच वर्षी राजाजींनी विरोधात स्वतंत्र पक्ष काढला. अध्यक्ष शेतकरी नेते रंगा. म्हणणं आपलंच होतं. लोकसभेत जागा मात्र १९६२ ला १८, १९६७ ला ४४, १९७१ ला अवघ्या ८. महाराष्ट्रातून तिन्ही वेळा एकही नाही!

का? पक्षावर राजे-कारखानदारांचा शिक्का बसला. संस्थानिकांच्या तनख्यांची बाजू घेतल्याने तो आणखी गडद झाला.

भावांनो, बियाणं चोख असून भागत नाही, पेरणाऱ्यावर भरवसा लागतो. अडल्या दिवशी जो दारात उभा राहतो, त्यालाच मत पडतं. आपला कार्यकर्ता निवडणुकीआधी किती दारांत उभा होता, ते आज मोजा.