बंब, गीझर आणि फुगणारे पाणी



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कारखान्यांच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विषय शास्त्राचा असला तरी भाषा आमचीच राहील.

साताऱ्याला आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडे, भोवती पाणी, खाली तोटी. आम्ही पोरे तो काठोकाठ भरत असू आणि पाणी तापू लागले की ते वरच्या तोंडातून ओघळू लागे. आई म्हणे, "चार बोटे रिकामा ठेवत जा." तिचे शास्त्र बिनचूक होते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरांत ही वाढ पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास येते. म्हणजे दोन पेले पाणी. बंबाचे तोंड उघडे, म्हणून दोन पेल्यांचे कोणाला काही वाटत नसे.

आता गीझर घ्या. तो सर्व बाजूंनी बंद. पाणी हवेसारखे दबत नाही. त्याला एक टक्का दाबायचे तरी वातावरणाच्या दोनशेपटींहून अधिक दाब लागतो. तेव्हा ते दोन पेले जाणार कोठे? गच्चीवरच्या टाकीकडून येणारा नळ मोकळा असेल तर ते मुकाट्याने मागे सरकतात. परंतु पुष्कळ गीझरांच्या थंड पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून तो बसवतात, आणि तो हीच वाट बंद करतो. मग उरतो सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तो थोडा उघडतो आणि थेंब थेंब पाणी सोडतो. इंग्लंडात १९८५ पूर्वी घरोघर माळ्यावरच्या टाकीशी जोडलेली उघडीच व्यवस्था होती. बंद टाक्यांना परवानगी मिळाली ती अशा व्हॉल्व्हांच्या अटीवर. तिकडे बहुधा शेजारी एक लोखंडी भांडे जोडतात. त्यात रबराचा पडदा, पलीकडे हवा. पाणी फुगले की हवा दबते आणि एकही थेंब वाया जात नाही.

आता आमची फजिती सांगतो. सांगलीच्या घरी नवा गीझर बसवला आणि त्याचा व्हॉल्व्ह सकाळी ठिबकू लागला. आम्ही प्लंबरला बोलावले. त्याने त्या तोंडाला डमी ठोकली. ठिबकणे थांबले. आम्ही खूष! दोन दिवसांनी आमच्या युनियनमधले एक बॉयलर अटेंडंट चहाला आले. साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे त्यांचे आयुष्य गेलेले. हात धुवायला गेले ते तसेच परत आले. म्हणाले, "अण्णा, बॉयलरवर आम्ही सेफ्टी व्हॉल्व्ह बांधला असता, तर तुम्ही आमची बाजू घेतली असती का?"

घेतली नसती. उलट मालकाने बांधायला लावला असता तर आम्ही फाटक बंद केले असते. बॉयलरला १९२३ चा कायदा होता, आता २०२५ चा आहे. इन्स्पेक्टर येतो, दाखला तपासतो. न्हाणीघरातल्या गीझरकडे कोण येतो? डमी ठोकलेल्या टाकीचा थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहते. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. भिंत पाडायला तेवढे पुरे आहे.

म्हणून व्हॉल्व्ह केव्हा ठिबकतो ते पाहावे. तापताना ठिबकून मग थांबत असेल तर तो आपले काम करतो आहे. रात्रंदिवस गळत असेल तर नळाचा दाब जास्त आहे, किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला आहे. तेव्हा दाब तपासून घ्यावा, नाहीतर व्हॉल्व्ह बदलावा. डमी मात्र कोणत्याही कारणाने लावू नये.

त्याच दिवशी आम्ही बटण बंद केले, टाकी गार होऊ दिली आणि डमी काढवली. तेथून अर्ध्या इंचाचा पाईप मोरीपर्यंत आणला, टोक उघडे ठेवून. घरच्यांनी खाली तांब्या ठेवला आहे. त्यात जमेल ते पाणी तुळशीला जाते.