घरच्या धंद्याची वेबसाइट

(विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



छोट्या धंद्यासाठी वेबसाइट कशी करावी, या विषयावर बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय ऐकून काही ज्येष्ठांना वाटले असेल की, हे कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांचे काम, यात आपला काय संबंध? परंतु ज्यांच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या जातात, ज्यांच्या अंगणात आमसुले सुकतात, ज्यांच्या घरी काजू भाजून विकला जातो, त्या प्रत्येक घराशी या विषयाचा संबंध आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. रस्ता, रेल्वे, विमान सर्व आले. मात्र तारकर्लीला जायचे की देवबागला, आणि कोणाच्या घरी उतरायचे, हे पाहुणा इथे येऊन ठरवीत नाही. तो मुंबईत, पुण्यात किंवा कोल्हापुरात आपल्या घरी बसून मोबाइलवर ठरवितो. तेथे आपले घर त्याला दिसले नाही, तर आपले अंगण कितीही स्वच्छ असले तरी त्याचा उपयोग नाही.

मी या विषयातला फार मोठा जाणकार नाही. माझ्या हातून झालेल्या चुकांतून मी जे शिकलो तेच आज सांगणार आहे.

मालवण किनाऱ्यावरच्या एका गावात माझ्या नात्यातील एक मावशी राहतात. यजमान वारल्यानंतर त्यांनी घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी तयार केल्या. मी तेव्हा नुकताच वेबसाइट करावयास शिकलो होतो. मोठ्या उत्साहाने मी त्यांची वेबसाइट केली. उघडताच लाटांचा आवाज येई, सूर्यास्ताचे मोठे छायाचित्र दिसे, त्यावर अक्षरे सरकत. मी अभिमानाने मावशींना मोबाइलवर ती दाखविली. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "अरे झिला, सगळा बरा आसा. पण ह्यात माझो नंबर खंय आसा?"

नंबर होता, पण सूर्यास्ताच्या छायाचित्रातच, केशरी रंगावर पिवळ्या अक्षरांत! मला तेव्हा हसू आले. आज वाटते, या विषयावरच्या पुष्कळ पुस्तकांचे सार त्या एका प्रश्नात आहे. वेबसाइट करणाऱ्याने स्वतःची हुशारी दाखवावयाची नसते. जो पाहतो त्याला जे हवे ते ताबडतोब सापडले पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, काम सुरू करण्यापूर्वी कॉम्प्युटर बाजूला ठेवावा आणि वही घ्यावी. मागच्या हंगामात पाहुण्यांनी फोनवर काय काय विचारले ते वहीत लिहावे. मावशींना विचारून मी यादी केली, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले. एका रात्रीचे किती? जेवण घरचे मिळेल का, शाकाहारी मिळेल का? कुडाळ स्टेशनवरून कसे यायचे? समुद्र किती लांब? संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का? आजीला किती पायऱ्या चढाव्या लागतील? गाडी कोठे लावायची? एवढ्या प्रश्नांची सरळ उत्तरे म्हणजेच तुमची वेबसाइट. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे, एस.टी. आणि रिक्षा मिळते, हे एक वाक्य सूर्यास्ताच्या दहा छायाचित्रांपेक्षा पाहुण्याला जास्त उपयोगी पडते. छायाचित्रे जरूर घालावीत, पण खोलीची, बिछान्याची आणि बाथरूमचीही. सूर्यास्त तर सगळ्यांच्याच वेबसाइटवर आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. आजच्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. नेटवर्क कमी असेल आणि सेकंदाला एक मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर असे एक छायाचित्र येण्यास ३२ सेकंद लागतात. दहा छायाचित्रांना पाच मिनिटांहून अधिक! इतका वेळ कोण थांबेल? तेच छायाचित्र दोनशे किलोबाइटपर्यंत लहान केले, तर दीड-दोन सेकंदांत दिसते आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक जाणवतही नाही. आवाज, सरकती अक्षरे, आपोआप सुरू होणारे चित्रीकरण हे सर्व काढून टाकावे. इंग्लंडचे टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर आणली. तिच्यात फक्त मजकूर होता आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे होते. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. म्हणूनच दोन खोल्यांची मालकीण आणि मोठे हॉटेल या दोघांनाही त्याचा सारखाच उपयोग करून घेता येतो.

तिसरी गोष्ट भाषेची आणि अक्षरांची. आपला पाहुणा बहुतेक मराठी, त्यामुळे मजकूर मराठीत असावा. बाहेरच्यांसाठी इंग्रजीत वेगळे पान द्यावे. पूर्वी ज्याच्या त्याच्या फॉण्टमुळे मराठी मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन आणि चिन्हे होऊन दिसत असे. युनिकोडमुळे ती अडचण राहिली नाही, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. तो चित्रात घालू नये. चित्रातील मजकूर दृष्टिहीन माणसाचा मोबाइल नीट वाचून दाखवील याची खात्री नसते, शोध घेणाऱ्याला तो सापडेलच असे नाही, आणि चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून सहसा फोन लागत नाही. अक्षर ठळक असावे. जागतिक नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराचे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावयास पाहिजे. आपल्यासाठी सोपी परीक्षा म्हणजे भर दुपारी अंगणात उभे राहून चष्मा लावणाऱ्या माणसाला पान वाचता येते का ते पाहावे.

चौथी गोष्ट खरेपणाची. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा पावसाळ्यात बंद असते. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. तरी आपण जुलैत "किल्ला दर्शन आणि ताजी सुरमई" असे लिहून ठेवले, तर पाहुणा येतो, निराश होतो आणि परत गेल्यावर चार जणांना सांगतो. त्याऐवजी "पावसाळ्यात होडी बंद, पण हिरवीगार शेते पाहावयास या, गरम जेवण घालू" असे लिहावे. दर बदलला की त्याच दिवशी वेबसाइटवर बदलावा. बदल स्वतःला करता येईल अशीच वेबसाइट करून घ्यावी. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या मागे लागावे लागले, तर ती लवकरच शिळी होते.

आता पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मावशींच्या वेबसाइटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो मी माझ्या नावावर आणि माझ्या नोकरीच्या ई-मेलवर घेतला होता. त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता, सोय म्हणून केले. पुढे मी नोकरी बदलली, तो ई-मेल बंद झाला. पत्त्याची मुदत संपत आल्याची पत्रे त्या बंद ई-मेलवर जात राहिली. सवलतीचे दिवसही उलटले आणि तो पत्ता कोणा परक्याने घेतला. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता. मावशींच्या कार्डावर, फाटकावरच्या फलकावर, जुन्या पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये, सगळीकडे तोच पत्ता होता. त्या दिवाळीत त्यांच्या खोल्या बरेच दिवस रिकाम्या राहिल्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागले.

बंधू-भगिनींनो, जमीन घेताना सातबारावर आपले नाव लागले की नाही हे आपण दहा वेळा पाहतो. पत्त्याचेही तसेच आहे. तो धंदा करणाऱ्याच्याच नावावर, त्याच्याच ई-मेलवर आणि मोबाइलवर असावा. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची नोंदणी करता येते. २०१४ पासून मराठी अक्षरांत '.भारत' असा पत्ताही घेता येतो. पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. खोल्या मिळवून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर नाव घालण्यास माझा विरोध नाही, त्यातून नवा पाहुणा मिळतो. पण समजा त्यांनी शंभर रुपयांमागे पंधरा घेतले, तर एकदा राहून गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा तरी थेट आपल्याकडे यावा, यासाठी आपल्या हक्काचा पत्ता हवा.

शेवटची गोष्ट म्हणजे तयार झालेली वेबसाइट माणसांना दाखवून पाहावी. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली सांगितले की, पाच माणसांना वापरावयास दिली तरी बहुतेक मोठे दोष कळून येतात. पाच माणसे वाडीतच मिळतील. त्यांच्या हातात मोबाइल द्यावा, "जेवणाचा दर शोधा" म्हणावे आणि गप्प बसावे. ती कोठे अडखळतात ते पाहावे. "इथे दाबा" असे सांगावे लागले, तर दोष आपल्या कामात आहे, त्यांच्यात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण हे शिक्षण घेत आहात. नोकरीसाठी मुंबईला जरूर जा. पण त्यापूर्वी आपल्या वाडीतल्या एका घरासाठी हे काम करून जा. जाताना पत्ता, पासवर्ड आणि बदल करण्याची रीत त्या घराच्या हाती देऊन जा. आपल्यावाचून अडणार नाही असे काम करून देणे, हीच खरी मदत होय.

मावशींची नवी वेबसाइट आता त्यांच्या नावावर आहे. तिच्यात लाटांचा आवाज नाही. सगळ्यात वर काळ्या ठळक अक्षरांत त्यांचा नंबर आहे. दर त्या स्वतः बदलतात, आणि त्यात चूक झाली तर मला फोन करून सांगतात, विचारत नाहीत!